‘कॅन्सर होऊन गेलाय’ हे फॉर्मवर लिहायचं की नाही?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की लहानपणी किंवा विशी-तिशीत कॅन्सर होऊन गेलेल्या आणि आता बऱ्या असलेल्या मंडळींना हेल्थ इन्शुरन्सबाबत काय अडतंय ते कळवा. मेल आले, पत्रं आली, एकीने तर लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला ज्यात मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. बऱ्याच जणांचं रडगाणं एकच, एजंट म्हणतो लिहू नका. म्हणून तिथूनच सुरू करू. नावं सगळ्यांची काढून टाकलीयत.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. हॉजकिन लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर) होता, केमो आणि छातीला रेडिएशन झालं, ट्रीटमेंट संपून अडीच वर्षं झाली, स्कॅन क्लीन आहेत. सगळा खर्च कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून झाला. आता जॉब बदलायचा विचार आहे म्हणून स्वतःची पॉलिसी घ्यायची म्हटलं तर एजंट म्हणतो कॅन्सरचं लिहूच नका, पाच वर्षं काढलीत की कंपनी काही करू शकत नाही. हे खरंय का?

लपवू नकोस. एजंटचं कमिशन पॉलिसी निघाली की सुरू होतं आणि क्लेमच्या वेळी तो फोन उचलेलच असं नाही. मी आधी टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेत, क्लेमच्या फाइली बघायचे. नवी पॉलिसी आणि मोठा क्लेम असं दिसलं की पहिलं काम काय तर केस पेपर उघडणं, अ‍ॅडमिशनच्या वेळी ड्यूटीवरच्या डॉक्टरने घाईघाईत एक ओळ खरडलेली असते, ‘के/सी/ओ हॉजकिन्स, पोस्ट केमो-आरटी’, म्हणजे हॉजकिन्सचा जुना पेशंट, केमो-रेडिएशन झालेलं. ती माहिती त्याला पेशंटनेच दिलेली असते, आणि रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत तू काही खोटं बोलणार नाहीस, बोलूही नकोस, कारण छातीला रेडिएशन झालंय हे त्या डॉक्टरला माहीत असायलाच हवं. कंपनीला तेवढी एक ओळ पुरते. क्लेम जातो, वर पॉलिसीही रद्द होऊ शकते.

पाच वर्षांचं तो सांगतो ते अर्धं खरं आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दडवली या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, २०२४ पर्यंत हीच मुदत आठ वर्षांची होती. पण त्यात सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद आहे, आणि केमो घेतलेल्या माणसाने ‘कॅन्सर कधी झाला होता का’ समोर ठरवून ‘नाही’वर टिक केली तर ती फसवणूक आहे म्हणायला कंपनीचा वकील मागेपुढे पाहणार नाही. शिवाय त्या पाच वर्षांच्या आत काही झालं तर?

दुसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय ती म्हणजे ‘आता कॅन्सर पेशंटला कंपनी नकार देऊच शकत नाही’. इर्डाने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की आधीपासून आजार असलेल्यांसाठीही पॉलिसी ठेवा, पण तुझा अर्ज घ्यायचा की नाही हे अजूनही कंपनीचं अंडररायटिंगच (अर्जदाराची जोखीम तोलणं) ठरवतं. त्यामुळे तयारी ठेव, काही ठिकाणी सरळ नकार येईल, कुठे दोन तर कुठे पाच वर्षं होऊ द्या म्हणतील, कोणी प्रीमियमवर लोडिंग म्हणजे जादा रक्कम लावेल, कोणी कॅन्सर कायमचा वगळून पॉलिसी देईल. कॅन्सर वगळून मिळाली तर घ्यावी का असं बरेच जण विचारतात. माझं मत, घ्यावी. डेंग्यू, अपेंडिक्स, बाइकवरून पडणं हे काही कॅन्सर झालेल्यांना सोडून देत नाही. फक्त वगळण्याचं ते वाक्य नीट वाच, नुसता ‘हॉजकिन लिम्फोमा’ लिहिलाय की ‘आणि त्यातून उद्भवणारी सर्व गुंतागुंत’ असं शेपूट जोडलंय. छातीच्या रेडिएशनने आणि डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने पुढे हृदयाला, थायरॉइडला त्रास होऊ शकतो, तो सगळा या शेपटात जातो. ते काढून घ्यायचा किंवा निदान नेमकं लिहून घ्यायचा प्रयत्न कर, सही करायच्या आधीच, नंतर कोणी ऐकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं आत्ताच्या जॉबमध्ये असतानाच कर. आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पिरियड, म्हणजे त्याचा क्लेम मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, पूर्वी चार होता. ती तीन वर्षं ग्रुप पॉलिसीच्या सावलीत गेली तर तुला काही जाणवणार नाही कारण ग्रुपमध्ये बहुतेक ठिकाणी आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतात. बरीच मुलं याच्या बरोब्बर उलटं करतात, कंपनीचं आहे ना मग कशाला म्हणत बसतात आणि नोटीस पिरियडमध्ये जागी होतात. ग्रुपचं कव्हर साधारण शेवटच्या वर्किंग डेला संपतं. त्याआधी एचआरला मेल टाकून विचार की याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन कसं करायचं, ग्रुपमध्ये काढलेल्या वर्षांचं क्रेडिट त्यातून मिळू शकतं. तिथेही अंडररायटिंग होऊ शकतं म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस. आणि नव्या कंपनीच्या ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचार, कव्हर जॉइनिंगच्या दिवसापासून आहे का आणि आधीच्या आजारांचं वेटिंग माफ आहे का. पगाराच्या आकड्याइतकाच हा प्रश्न तुझ्यासाठी मोठा आहे.

अर्ज एकाच वेळी पाच कंपन्यांकडे ठोकू नकोस. ‘याआधी कुठल्या कंपनीने अर्ज नाकारलाय का’ हा प्रश्न पुढच्या प्रत्येक फॉर्मवर असतो. त्यापेक्षा ब्रोकर गाठ (एजंट कंपनीचा माणूस, ब्रोकर कायद्याने तुझ्या बाजूचा), तो नाव न देता कागद दाखवून अंडररायटरचा अंदाज आधी घेऊ शकतो. कागद म्हणजे बायोप्सी रिपोर्ट, डिस्चार्ज समऱ्या, केमोची औषधं आणि एकूण डोस, रेडिएशनचा तपशील, शेवटचे स्कॅन, आणि ऑन्कोलॉजिस्टचं ताजं पत्र की आजार दिसत नाही, फॉलोअप वेळच्या वेळी चालू आहे. ट्रीटमेंट समरी दिली नसेल तर मागून घे, ती पुढच्या प्रत्येक डॉक्टरलाही लागणार आहे.

पॉलिसी आली की सोबत प्रपोजल फॉर्मची कॉपी येते. सगळे कव्हरची रक्कम बघून पीडीएफ बंद करतात. तू आरोग्याच्या प्रश्नांचं पान उघड आणि बघ, कारण एजंटने स्वतःच ‘नाही’वर टिक केलेली असते असं सर्रास घडतं. परत करायला ३० दिवसांचा फ्री लूक असतो, त्यात दुरुस्त करून घे. कंपनीच्या डॉक्टरचा रेकॉर्डेड कॉल येईल, त्यातही तेच सांग जे फॉर्मवर आहे. हो, आणि वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, कोणी जुन्या हिशोबाने कोटेशन दिलं तर टोक.

प्रश्न : माझ्या मुलीला नऊ वर्षांची असताना ब्लड कॅन्सर झाला होता, टाटाला ट्रीटमेंट झाली, देवाच्या कृपेने पूर्ण बरी आहे. तेव्हाचा क्लेम आमच्या फॅमिली फ्लोटरनेच (सगळ्या घराची मिळून एक पॉलिसी) दिला होता. आता ती पंचविशीची होतेय आणि कंपनी म्हणते पुढच्या रिन्यूअलला तिचं नाव निघेल. नवी पॉलिसी काढायची तर सगळं परत लिहावं लागेल आणि आम्ही स्थळं बघतोय, कागदावर नको वाटतं. — एक आई, सातारा

ताई, नवी पॉलिसी काढूच नका. बरेच जण इथेच हातचं घालवून बसतात. मुलगी फ्लोटरमधून बाहेर पडते तेव्हा त्याच कंपनीत तिच्या नावाची वेगळी पॉलिसी करून घ्यायची आणि लेखी मागायचं की आमच्या फ्लोटरमधली तिची सगळी वर्षं यात धरा. तिची तर पंधरा-सोळा वर्षं सलग झालीत, म्हणजे वेटिंग पिरियड कधीच संपला, ते ६० महिनेही कधीच उलटून गेले. हे क्रेडिट जुन्या कव्हरच्या रकमेपुरतंच मिळतं, फ्लोटर पाच लाखांचा असेल आणि तुम्ही तिला दहाची घेतली तर वरच्या पाचला घड्याळ नव्याने सुरू होतं, आणि त्या वाढीव रकमेसाठी कंपनी तब्येतीची चौकशीही करू शकते. रिन्यूअलच्या दोनेक महिने आधी ब्रांचला अर्ज द्या आणि पोच घ्या. काउंटरवरची व्यक्ती ‘नवीन फॉर्म भरा, एकच आहे’ म्हणाली तर एकच नाहीये, मायग्रेशन हा शब्द वापरा. प्रीमियम भरायला मात्र एक दिवसही उशीर नको, वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांचा ग्रेस असतो पण त्या दिवसांच्या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं डोक्यात असेल तर तोही हक्क आहे, तिथेही क्रेडिट मिळतं, पण नवी कंपनी तिला नाकारू शकते. जुनी कंपनी मात्र आधी क्लेम झाला म्हणून रिन्यूअल नाकारू शकत नाही. तिच्यासाठी आत्ता जुनीच बरी.

आता स्थळांचं. विम्याचा फॉर्म कोणी वधूवर सूचक मंडळात लावत नाही, ती माहिती कंपनीकडे गोपनीय असते. तुमची भीती कळते, पण ज्या घरात ती जाणार त्या घराला एक दिवस कळणारच आहे, आणि ते कधी कसं सांगायचं हे तिने ठरवू द्या, तिचं वय आहे. लग्नानंतर नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत नाव घातलं तरी तिची ही स्वतःची पॉलिसी बंद करू नका, सासरची मंडळी म्हणतील दोन-दोन कशाला, म्हणू देत.

आणखी एक, लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्यांसाठी टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं, ट्रीटमेंटचे उशिरा दिसणारे परिणाम तिथे बघतात. तिचं तिथलं फॉलोअप सुटलं असेल तर परत सुरू करा, तब्येतीसाठी तर आहेच पण तिथला ताजा कागद विमा कंपनीपुढे फार वजनदार ठरतो. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ नावाचा गट आहे, लहानपणी कॅन्सर झालेली आणि आता मोठी झालेली मुलंमुली तो चालवतात. लग्न-नोकरीच्या या सगळ्या प्रश्नांतून ती पोरं गेलेली आहेत, तिला त्यांच्याशी बोलू द्या.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वय ३०. लिम्फोमा होऊन सहा वर्षं झाली. पॉलिसी घेताना सगळं खरं लिहिलं, लोडिंग भरतोय, पॉलिसीला सव्वा वर्ष झालं. ऑगस्टमध्ये डेंग्यूने चार दिवस अ‍ॅडमिट होतो, प्लेटलेट्स २२ हजारांवर आल्या होत्या. कंपनीने क्लेम नाकारला, कारण काय तर ‘रक्ताच्या जुन्या आजाराशी संबंधित, वेटिंग पिरियड चालू’. खरं लिहून काय मिळालं मला?

राग यायलाच हवा. पण तू खरं लिहिलंस म्हणूनच आता तुझी बाजू भक्कम आहे, लपवलं असतंस तर या पत्राला उत्तर देण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नव्हतं.

डेंग्यूत प्लेटलेट्स पडतात हे गल्लीतल्या पोरालाही माहितीय, लिम्फोमा असो वा नसो. वेटिंग पिरियड त्या आजाराला आहे, तुझ्या रक्ताला नाही. जुन्या आजाराशी संबंध होता हे म्हणणाऱ्या कंपनीला तो दाखवावाही लागतो. आधी रिजेक्शन लेटरमध्ये पॉलिसीचं नेमकं कुठलं कलम दिलंय ते बघ, कलम द्यावंच लागतं, आणि २०२४ पासून क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, ती घेतली होती का हे लेखी विचार. मग ज्या डॉक्टरांनी डेंग्यूची ट्रीटमेंट केली त्यांच्याकडून चार ओळी घे, डेंग्यूची एनएस१ टेस्ट पॉझिटिव्ह होती, प्लेटलेट्स डेंग्यूमुळे पडल्या, डिस्चार्जनंतर नॉर्मलला आल्या. ऑन्कोलॉजिस्टकडून दोन ओळी, लिम्फोमा रेमिशनमध्ये आहे, म्हणजे आजार दिसत नाही. आणि खरा हुकमी कागद म्हणजे आजारी पडण्याआधीच्या फॉलोअपचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) ज्यात प्लेटलेट्स नॉर्मल आहेत, तो शोध, सहा महिने जुना असला तरी चालेल.

हे सगळं कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला मेलवर पाठव, फोनवर भांडू नकोस, फोनचा पुरावा राहत नाही. इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार टाक. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलं ते पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं, पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, अर्ज ऑनलाइनही होतो, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालांचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुला पटला नाही तर तुझी पुढची वाट मोकळीच. अर्जात सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या मनमोहन नंदा निकालाचा उल्लेख कर, त्यात कोर्टाने म्हटलंय की सांगितलेला आजार माहीत असून, तब्येत तपासून कंपनीने पॉलिसी दिली असेल तर नंतर त्याच आजाराचं कारण पुढे करून तिला हात वर करता येत नाहीत. तुझ्या केसमध्ये वेटिंग पिरियडचं वेगळं कलम आहे त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागू पडेल असं नाही, तरी लोडिंग घेऊन पॉलिसी दिलीय हे ठसवायला उपयोगी पडतो.

प्रश्न : लातूरमध्ये कपड्याच्या दुकानात कामाला आहे, वय २३, हाडाचा कॅन्सर होता, गुडघ्यात रॉड आहे. प्रायव्हेट पॉलिसी परवडत नाही. आमचं केशरी कार्ड आहे. परत काही झालं तर काय?

तुझ्यासाठी पहिली गोष्ट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून ती केशरी काय अन् पांढरं काय, महाराष्ट्रातल्या सगळ्या कार्डांना लागू झाली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कव्हर झालं, त्याआधी दीड लाख होतं. यात वेटिंग पिरियड नाही, आधी आजार होता का विचारून नकार नाही, फॉर्मवर काय लिहू हा प्रश्नच नाही. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांची पॅकेजेस त्यात आहेत. फक्त योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्येच जावं लागतं आणि तुझं पॅकेज तिथे होतं का ते बघावं लागतं, म्हणून आधी १५५३८८ वर फोन करून विचार. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, बिलिंग काउंटरच्या आधी त्याला गाठ. अ‍ॅडव्हान्स भरून टाकला आणि मग योजना आठवली की गुंता होतो.

रेशनकार्डावर आणि आधारवर नाव सारखं आहे का ते आजच बघ. एकावर बाळासाहेब आणि एकावर बाळू असं असलं की ऐन वेळी मंजुरी लटकते, आणि तेव्हा तहसील ऑफिसला चकरा मारायला घरात माणूस नसतो.

दुसरं, दुकानात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि तुझा पगार महिना २१ हजारांच्या आत असेल तर तू ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, बसतोस. पगारातून पाऊण टक्का तुझा, सव्वातीन टक्के मालकाचे. मालक भरतो का हे बघायचं तर पे स्लिप माग, ती नसेल तर ईएसआयचा नंबर माग. त्यात तुझे आणि घरच्यांचे उपचार तर आहेतच पण जास्त मोलाची गोष्ट म्हणजे कॅन्सरसारख्या मोठ्या आजारात कामावर जाता आलं नाही तर दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते, त्यासाठी आधी सलग दोन वर्षं नोकरी आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी झालेली लागते. प्रायव्हेट मेडिक्लेम बुडालेला पगार देत नाही. मालकाने पगार २१ हजारांच्या जरा वर नेला तर ईएसआय त्या सहामाहीच्या शेवटाला, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेर, सुटतं. पगार वाढू नये असं मी म्हणत नाहीये, पण वाढ पाचशे रुपयांची असेल तर आधी हिशोब कर.

प्रश्न : नाशिकहून मास्टर्ससाठी जर्मनीला जातेय, २४ वर्षं, थायरॉइडचा कॅन्सर झाला होता. तिथे विमा मिळेल ना?

मिळेल, आणि खरं तर इथल्यापेक्षा सोपा. मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीत प्रवेश असेल आणि वय तिशीच्या आत असेल तर तिथल्या सरकारी पद्धतीच्या विम्यात विद्यार्थी म्हणून घेतात, आजाराचे प्रश्न विचारून नाकारत नाहीत. नुसता लँग्वेज कोर्स असेल तर मात्र त्यात बसत नाही. स्वस्त दिसतो म्हणून प्रायव्हेट विमा घेऊन सरकारीतून सूट घेऊ नकोस, ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. इथून नेशील ती ट्रॅव्हल पॉलिसी जुन्या आजाराला साधारणपणे धरत नाही त्यामुळे ती फक्त पोचून नाव नोंदेपर्यंतच्या दिवसांसाठी समज, आणि थायरॉइडच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसह दोनेक महिन्यांच्या बरोबर ने.

प्रश्न : दर सहा महिन्यांनी स्कॅन, सोनोग्राफी, ब्लड टेस्ट. पॉलिसी असून एक रुपया मिळत नाही. असं का? — बऱ्याच जणांनी विचारलेला

कारण साध्या मेडिक्लेमला अ‍ॅडमिशन लागते. केमोला २४ तास राहावं लागत नाही तरी ती डे-केअर म्हणून चालते, पण तपासणीसाठी केलेला पेट स्कॅन ओपीडीत मोडतो. अ‍ॅडमिशनच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांतल्या तपासण्या तेवढ्या मिळतात, त्यामुळे ट्रीटमेंट नुकतीच संपली असेल तर ते दिवस मोजा आणि बिलं फेकू नका. ओपीडीचं अ‍ॅड-ऑन घेताना त्याची वर्षाची मर्यादा आणि तुमच्या स्कॅनचा खर्च शेजारी शेजारी लिहून बघा, बऱ्याचदा अ‍ॅड-ऑनचाच प्रीमियम जास्त निघतो. काही ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी असते आणि कोणी वापरत नाही, एचआरने पाठवलेली ती पीडीएफ एकदा उघडून बघा.